एक आवाज जास्त

बुधवारी दुपारी अडीचच्या सुमारास मधुमिता कॉफीची पूड आणायला निघाली. ऊन असं होतं की देवळामागच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा उभ्या केलेल्या सायकलींच्या सावलीत अंग चोरून पडली होती. दुकानातल्या म्हाताऱ्याने दाणे दळून पुडी बांधली, ती अजून गरम होती; ती पदराखाली धरून मधुमिता झपाझप घराकडे वळली. तीनच्या आत पोचायलाच हवं होतं. दर बुधवारी तीनला खेळ सुरू व्हायचा, आणि उशीर झाला की गुरुमूर्तिमामा हजेरीत तिच्या नावापुढे ‘सासुरवासात हरवली’ असं लिहून ठेवत.

लग्न होऊन तंजावरकडच्या या गावी येऊन चार महिने झाले होते. नवरा विघ्नेश सकाळी नऊला रेशमी साड्यांच्या दुकानात जायचा तो रात्री आठला उगवायचा. सासू भवानी, जिला ती इथल्या रीतीने अत्तै म्हणे, दोनला झोपायची आणि साडेतीनला घड्याळ लावल्यासारखी उठून स्वतःच्या हाताने कॉफी करायची. सुनेच्या हातची कॉफी तिला अजून पटलेली नव्हती. मधला दीड तास मात्र मधुमिताचा. घर चिडीचूप, तांबडी फरशी थंडगार, आणि पुढच्या खोलीचं दार लावून ती फोन घेऊन बसलेली.

मद्रासला माहेरी म्हणत, मधूला बोलायला लावायचं तर आधी अर्ज करावा लागतो. इथे तर अर्ज करणारंही कुणी नव्हतं. म्हणून तो खेळ.

खेळ साधाच होता. फोनवर पाच खुर्च्यांची एक खोली. खेळणाऱ्यांपैकी एकाच्या घरातला आवाज दहा सेकंद सगळ्यांना ऐकू यायचा, नाव मात्र दिसायचं नाही. त्या दहा सेकंदांत बोलायचं नाही, नुसतं घर वाजू द्यायचं. मग बाकीच्यांनी ओळखायचं, घर कुणाचं, आणि त्याच्या खुर्चीवरचं नाव दाबायचं; बरोबर असेल तर खुर्चीभोवती हिरवं कडं उमटायचं. पाचही जण तंजावरकडच्या मराठी घरांतले, गावोगाव पांगलेले. खोली चालवायचा सूर्या, बंगळुरात घरून काम करणारा, मांडीवर सहा महिन्यांची मुलगी. गुरुमूर्तिमामा तंजावरचे निवृत्त पोस्टमास्तर. वर्षभरात त्यांनी एकही घर बरोबर ओळखलं नव्हतं. मंगलाअक्का पुण्यात दिलेली. तिची मराठी आता पुणेरी झाली होती आणि बाकीच्यांची तिला पोथी वाटायची. आणि पाचव्या, मीनाक्षीबाई.

मीनाक्षीबाई राहायच्या मरुदानल्लूरला, मधुमिताच्या घरापासून मिनीबसने वीस मिनिटांवर. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू, फोन लावून द्यायला पुतण्या लागायचा. पण कान! बाप मृदंग मढवायचा, आणि लहानपणी बाईंनी शाई लावलेल्या चामड्याच्या पुड्यांचे आवाज ऐकत ऐकतच अक्षरं गिरवली होती. उत्तर सापडलं की त्या बोटातली अंगठी पितळी पेल्यावर तीनदा वाजवायच्या. टक, टक, टक. तेवढं वाजलं की मंगलाअक्का म्हणायची, “चला, आपण आता भांडी घासायला मोकळे.”

“मामा,” बाई एकदा म्हणाल्या होत्या, “हें घर तुमचें. आणि घड्याळाचा सेल बदला. दर चवथा ठोका दमून पडतो.”

“कायतरीच! परवाच घातला.”

दुसऱ्या दिवशी मामांचं घड्याळ बंद पडलं. त्यांनी ग्रुपवर त्याचा फोटो टाकला, खाली नुसतं ‘नमस्कार’.

मधुमिताने एकदा त्यांना चकवायचं ठरवलं. तिच्या उजव्या हातात दोन काचेची काकणं आणि आईने दिलेलं एक चांदीचं. चांदीच्याला बारीक चीर गेलेली, त्यामुळे ते खणकायचं नाही, खरखरून थांबायचं. दहा सेकंद तिने सगळ्या काकणांवर रुमाल गुंडाळून ठेवला आणि श्वाससुद्धा बेताने घेतला.

टक, टक, टक.

“ही मधू,” बाई म्हणाल्या. “काकणें वाजायला पाहिजेत तिथें कापूस भरला आहे. बाळे, आवाज लपवलास तरी त्याची जागा कशी लपवशील?”

मंगलाअक्का हसून हसून खोकायला लागली. मधुमिताला हरल्याचं वाईट वाटलं नाही. आपण गप्प बसलो तरी कुणीतरी आपल्याला ऐकतंय, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

सूर्याने एकदा विचारलं होतं, “बाई, गॅस किती उरलाय हे ओळखता येतं का हो? माझा नेहमी बाळाच्या दुधाच्या वेळीच संपतो.”

“येतें कीं. अंगठी मार नळकांड्यावर. रिकामें असेल तर गातें. भरलेलें असेल तर मुकें. माणसाचें उलट.”

आणि खेळ संपताना एक रीत होती. प्रत्येकाने ‘येते’, ‘येतो’ म्हणायचं, आणि बाईंनी प्रत्येकाला निराळं उत्तर द्यायचं. “ये रे सूर्या, वाट पाहतें.” “या मामा, वाट पाहतें.” ते ऐकल्याशिवाय कुणी फोन ठेवत नसे. मामा म्हणायचे, बाईंनी वाट पाहतें म्हटलं नाही तर तो आठवडा जेवण अंगी लागत नाही.

त्या दिवशी, कॉफीची पुडी स्वयंपाकघरात ठेवून, दार लावून मधुमिता खेळायला बसली. तिची पाळी तिसरी आली. दहा सेकंद तिचं घर वाजलं. भिंतीवरचं लंगडं घड्याळ, न्हाणीतल्या बादलीत पडणारा थेंब, कौलाखाली पारवा. संपलं.

पेला वाजला नाही.

“बाई?” सूर्या म्हणाला. “आहात ना?”

“आहें.” त्या हळूच म्हणाल्या. “मधूचेंच घर आहे.”

“मग टकटक कुठे गेली? आज आम्हाला भांडी नाहीत वाटतं?” मंगलाअक्का म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. “मधू बाळे, घरीं कोण कोण आहे?”

“मी आणि अत्तै. त्या झोपल्यात.”

“आणखीन कोणी?”

“नाही…”

“एक आवाज जास्त आहे,” बाई म्हणाल्या.

मधुमिताने मान वळवून बंद दाराकडे पाहिलं. पलीकडे मधली खोली, तिच्या पलीकडे अत्तैची खोली, आणि सगळ्यात मागे स्वयंपाकघर. “कसला आवाज, बाई?”

“पुढच्या बुधवारीं सांगतें. आधीं खात्री करतें.”

त्यांचा आवाज पहिल्यांदाच म्हाताऱ्या बाईचा वाटला. पण शेवटी सगळ्यांना “वाट पाहतें” म्हणाल्या. मधुमिताला दोनदा म्हणाल्या.

तो आठवडा मधुमिता घर ऐकत राहिली. आवाज ऐकायला बसलं की आवाज संपतच नाहीत, हे तिला तेव्हा कळलं. फ्रिज मधेच कण्हायचा. नारळाची झावळी पत्र्यावर घासायची. दुपारी तीनला, गल्ली उन्हात बधिर पडलेली असताना, मधल्या खोलीतून कुणीतरी अनवाणी गेल्यासारखं वाटायचं. ती उठून पाही तर फरशीवर नुसता उन्हाचा चौकोन. अत्तैच्या खोलीतून घोरणं यायचं. त्या घोरण्याचा तिला इतका आधार वाटेल असं तिला कुणी लग्नाआधी सांगितलं असतं तर तिने लग्न मोडलं असतं.

विघ्नेशला सांगितलं, तर तो म्हणाला, “उंदीर असेल.”

“उंदीर बाईंनी ओळखला असता. मादी आहे का नर तेही सांगितलं असतं.”

पुढचा बुधवार आला. मीनाक्षीबाई त्या दिवशी विलक्षण खुशीत होत्या. बाकीच्या तिघांची घरं दोन-दोन सेकंदांत ओळखली. मंगलाअक्काला म्हणाल्या, तुझ्या वरच्या मजल्यावरचीनें नवी चप्पल घेतली, आतां ती मिरवेल. मधुमिताचं घर वाजलं तेव्हा मात्र त्या पुन्हा गप्प झाल्या, आणि तिने विचारलं तर म्हणाल्या, “खात्री होते आहे गो. घाई काय?”

‘येते, येतो’ होऊन सगळे गेले. दोघीच उरल्या.

“मधू, तुझें स्वयंपाकघर कुठल्या अंगाला?”

“मागे. अत्तैच्या खोलीला लागून.”

“दुपारची कॉफी कोण करतें?”

“अत्तैच. साडेतीनला उठतात.”

“तिला वास येतो काय?”

मधुमिता चकित झाली. “नाही. तो मोठा आजार आला होता ना, तेव्हापासून अत्तैला कशाचाच वास येत नाही. तुम्हाला कसं कळलं?”

“कळलें नाही. विचारलें.” पेल्यावर अंगठी नुसती घासल्याचा आवाज आला. “एकदां येऊन जा गो. मरुदानल्लूर म्हणजे काय लंका आहे?”

“पुढच्या आठवड्यात नक्की येते.”

“ये. वाट पाहतें.”

सोमवारी दुपारी जेवून बाई जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

सूर्याने खबर दिली तेव्हा मधुमिता भाजी चिरत होती. ती रडली नाही. विळी बाजूला ठेवली आणि घर ऐकत बसली. कोणता आवाज जास्त होता, हे सांगणारं आता जगात कुणी नव्हतं. त्या बुधवारी चौघंही खोलीत आले, कुणी खेळलं नाही. बाईंची खुर्ची करडी पडली होती. मामा म्हणाले, “तेरावा होईपर्यंत राहूं दे.” कुणी नाही म्हटलं नाही.

शनिवारी ती आणि अत्तै समाचाराला गेल्या. बाईंचं घर लहानसं, भजनमठाच्या पलीकडे, पुढे ओटी. आत तेलाचा दिवा, ओल्या चुन्याचा आणि विझलेल्या उदबत्तीचा वास. पुतण्या रविशंकर खाली मान घालून बसला होता. अत्तै त्याच्याशी बोलत होती तेव्हा मधुमिताची नजर खिडकीवर गेली. पितळी पेला, पालथा.

“अंगठी…” तिच्या तोंडून निघालं.

“निघाली नाही बोटांतून,” रविशंकर म्हणाला. “तशीच गेली. तुम्हीच मधू कां? शेवटच्या आठवड्यांत तुमचेंच नांव. मला म्हणाली, मी तिच्याकडे जाऊन येणार आहे. मी म्हटलें, अत्या, उन्हाची कुठें जातेस? म्हणाली, उन्हाचेंच जायचें आहे.”

“त्यांचा फोन?”

“कपाटांत. त्या दिवसापासून बंद आहे.”

उठायची वेळ झाली. अत्तै काही न बोलता पायरी उतरली. मधुमिता उंबऱ्याशी थांबली, आत त्या पेल्याकडे पाहिलं, आणि चार महिन्यांच्या दर बुधवारी जसं तोंडातून निघायचं तसंच निघालं, “येते, बाई.”

रविशंकरने झटकन वर पाहिलं. ओटीवरच्या दोन बायका बोलता बोलता थांबल्या. अत्तैने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की खूण दोन दिवस राहिली.

मिनीबसमध्ये बसल्यावर अत्तै दबक्या आवाजात म्हणाली, “मेलेल्या घरीं ‘येतें’ म्हणतात काय? तुझ्या आईनें कांहीं शिकवलें नाही? न बोलतां निघायचें असतें. म्हटलें कीं जाणें-येणें सुरू राहतें.”

“सवयीनं गेलं तोंडातून…”

“सवयीनें!” अत्तै खिडकीबाहेर पाहू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “आणि आंतून कोणी ‘ये’ तर म्हणालें नाही ना?”

“नाही,” मधुमिता म्हणाली. खरंच कुणी म्हणालं नव्हतं. फक्त ती पायरी उतरताना आत काहीतरी एकदा वाजलं होतं, हळूच. खिडकीतून वारा आला असेल.

त्यानंतरचा बुधवार दहावा दिवस होता. सकाळी गॅस संपला, म्हणून विघ्नेशने जायच्या घाईत नवं सिलिंडर जोडून दिलं. मधुमिताने स्वयंपाक केला, मागची आवराआवर केली, माशा येतात म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. दोनला अत्तै झोपली. तीनला मधुमिता पुढच्या खोलीचं दार लावून बसली, डोक्यावर पंखा.

“आज खेळूंच,” मामा म्हणाले. “बाईंना रडकीं माणसें आवडत नसत.”

चार माणसं, चार फेऱ्या. कुणीच नीट ओळखत नव्हतं. मंगलाअक्काने सूर्याचं घर मामांचं म्हणून सांगितलं, पाळण्याचा आवाज येत असूनसुद्धा. सूर्या म्हणाला, “अक्का, मामांना या वयात बाळ?” आणि सगळे हसले, आणि हसल्याबद्दल सगळ्यांनाच अपराधी वाटलं. तीन वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती.

“संपल्या की चार,” सूर्या म्हणाला. “चला मग, येतो म्हणूया… अरे?”

फोनवर अक्षरं आली. फेरी पाचवी.

“बिघडलं वाटतं,” सूर्या पुटपुटला. “चौघंच तर आहोत.”

आणि आवाज सुरू झाला.

आधी काही नाही, नुसती एक खोल, गरम शांतता. मग घड्याळ. लंगडं. मधुमिताने फोन कानाशी नेला. बादलीत थेंब पडला. तो तिला फोनमधून ऐकू आला, आणि त्याच क्षणी, बंद दारापलीकडून, घरातूनही.

हे तिचंच घर होतं. पण इथून नव्हे. घड्याळ दूर होतं, थेंब जवळ. जो कोणी ऐकवत होता, तो मागे बसला होता. स्वयंपाकघरात, खाली, ओट्याशी.

घड्याळ आणि थेंब यांच्यामध्ये आणखी एक आवाज होता. बारीक. न थांबणारा. दात मिटून कुणी श्वास सोडत राहावा तसा.

स्स्स्स्…

मग, त्याच्या अगदी जवळ, टक. टक. टक.

पेल्यावरची नव्हती ती. पेला गातो. ही टकटक मुकी होती, दाबून भरलेली. रिकामें असेल तर गातें, भरलेलें असेल तर मुकें.

फोनमध्ये पलंग करकरला. एक पाऊल जड, एक हलकं. अत्तैचा गुडघा. अत्तै उठली होती आणि कॉफी करायला निघाली होती.

मधुमिताच्या हातून फोन पडला. दार उघडून ती मधल्या खोलीतून धावली, आणि अर्ध्या वाटेवर तो वास अंगावर आला, कुजक्या लसणासारखा, दाट. अत्तै स्वयंपाकघरात ओट्यापुढे उभी होती. दुधाचं पातेलं शेगडीवर, उजव्या हातात लायटर, अंगठा खटक्यावर.

“अत्तै! नको! नको…”

आयुष्यात ती इतक्या मोठ्याने कधी ओरडली नव्हती. अत्तै दचकून वळली. मधुमिताने तिचा हात धरला, लायटर हिसकावून अंगणात भिरकावला, ओट्याखाली वाकून सिलिंडरचं बटण बंद केलं. मग खिडकी, मागचं दार. अत्तैला धरून ती अंगणात घेऊन आली. दोघी तुळशीजवळ उभ्या राहिल्या, उन्हात.

“मला कांहींच वास आला नाही गो,” अत्तै म्हणाली. मग सुनेचा हात न सोडताच पुन्हा म्हणाली, “कांहींच नाही आला.”

बऱ्याच वेळाने मधुमिता पुढच्या खोलीत आली. फरशीवर पडलेल्या फोनमधून तिघं तिचं नाव घेऊन हाका मारत होते.

“आहे,” ती म्हणाली, आणि काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं.

मग मामांचा आवाज आला, अगदी बारीक. “मी… मी बाईंचें नांव दाबलें होतें. ती टकटक ऐकून. वेड्यासारखें दाबलें.” ते थांबले. “उत्तर बरोबर म्हणून आलें, मधू. वर्षांत पहिल्यांदा जिंकलों.”

मधुमिताने फोनकडे पाहिलं. करड्या खुर्चीभोवती हिरवं कडं होतं. तिच्या डोळ्यांदेखत ते विझलं.

“वाह, बाई,” मंगलाअक्का रडत म्हणाली. “मेल्यावरसुद्धा आम्हाला भांडी.”

संध्याकाळी गॅसवाला आला. वॉशर काढून तळहातावर धरला. एका कडेला फाटलेला होता. “आज सकाळीच लावलंत ना सिलिंडर? मग आज सकाळपासूनच,” तो तमिळमध्ये म्हणाला. “खिडकी उघडी होती तोवर वास बाहेर गेला. आधीचं ठीक होतं. तेही असं असतं तर तुम्ही इथे नसता.”

तो गेला. अत्तैने सुनेला कॉफी करायला सांगितली, चार महिन्यांत पहिल्यांदाच, आणि प्यायली, आणि नावं ठेवली नाहीत. मधुमिताच्या कानात मात्र गॅसवाल्याचं एकच वाक्य राहिलं. आज सकाळपासूनच.

मग तीन आठवड्यांपूर्वी बाईंनी कोणता आवाज ऐकला होता?

खेळात जुन्या फेऱ्या साठवलेल्या असत. तिने तो बुधवार काढला, कानात इअरफोन घातले. घड्याळ. थेंब. पारवा. पुन्हा लावलं. घड्याळ, थेंब, पारवा. अकराव्या वेळी, जिथे आवाज नव्हता त्या जागा ऐकत असताना, तिला ते सापडलं. पारव्याच्या मागे. फार दूर, मागच्या अंगाला, ओट्याशी.

टक. टक. टक.

त्या दुपारी बाई जिवंत होत्या. मरुदानल्लूरला आपल्या खिडकीशी बसून, कान देऊन, मधूचं घर ऐकत होत्या. आणि त्यांच्या बोटातली अंगठी पेल्यावर वाजायच्या आधी, त्यांना मधूच्या स्वयंपाकघरातून ती वाजलेली ऐकू आली. तो हात कुणाचा हे त्यांना कळायला दहा सेकंदही लागले नसतील. आपण तिथे असणार आहोत. म्हणजे इथे नसणार आहोत.

आणि तरी पुढच्या बुधवारी शेजारणीच्या नव्या चपलेवर हसवलं सगळ्यांना. स्वयंपाकघर कुठल्या अंगाला, विचारलं. कॉफी कोण करतं, विचारलं. परगावी जायच्या आधी माणूस वाट विचारून घेतो, तसं.

मधुमिताला भीती वाटायला हवी होती. तिने खिडकीबाहेरच्या अंधाराला, मरुदानल्लूरच्या दिशेने, दोन्ही हात जोडले.

तेरावा झाला. खुर्ची निघाली. दोन महिन्यांत खेळ पुन्हा रुळला, आणि एक नवल झालं. मधुमिता जिंकू लागली. मामांच्या घरी विळी नवी आहे, मंगलाअक्काच्या नवऱ्याने आज दांडी मारली आहे, तिला सगळं ऐकू येई. “बाईंनी कान तुझ्या नावावर करून दिले,” अक्का म्हणायची. बोलायलाही ती आता कमी करत नसे. फक्त दर बुधवारी बाईंच्या आठवणीने काकणांवर रुमाल गुंडाळून बसे.

मग तो बुधवार आला. तिसरी फेरी. पंखा, बाळाच्या पाळण्याची साखळी, कुईं, कुईं. सूर्या. इतकं सोपं. ती हसून बोलणार, तोच पाळण्याच्या अगदी जवळ, साखळीच्या वरच्या अंगाला, काहीतरी हललं. दोन काचेची काकणं, आणि त्यांच्या मागोमाग एक चांदीचं. खणकलं नाही. खरखरून थांबलं.

तिने आपल्या हाताकडे पाहिलं. रुमाल जागच्या जागी होता. गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

“मधू?” सूर्या म्हणाला. “आज गप्प? इतकं अवघड नाहीये हां.”

“सूर्या… तुझंच आहे.” तिने श्वास घेतला. “घरी कोण कोण आहे?”

“मी आणि कन्या. का?”

“पाळण्याचा वरचा हूक एकदा बघून घे.”

“आत्ताच बघतो.” खुर्ची सरकली, साखळी वाजली, तो परत आला. “एकदम भक्कम. परवाच नवा बसवलाय. का गं, काही ऐकलंस?”

अत्तै उठली होती. मागे कपबशा वाजत होत्या. अत्तैने आज दोघींची कॉफी केली असणार. मधुमिता रुमालावरून हात फिरवत बसली. बाईंना जमलं होतं. इतक्या लांबून, इतक्या नेमकेपणाने, वेळेवर. आपल्याला जमेल का?

“सांग ना,” सूर्या म्हणाला.

“पाळणा रात्री कुठे असतो? खिडकीशी का भिंतीशी?” तिने विचारलं.

“भिंतीशी. पण ऐकलंस काय ते तर सांग!”

“पुढच्या बुधवारीं सांगतें,” मधुमिता म्हणाली. “आधीं खात्री करतें.”